पूर्वज कोण आणि वंशज कोण?

‘भारत हे क्षयरोगाचे एक प्राचीन केंद्र आहे’ हे विधान अधूनमधून लेखांतून आणि भाषणांतून कानावर पडते. ते कोणी केले आणि कशाच्या आधारावर केले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. या विधानाचा एक मुख्य आधार म्हणजे २००६ साली ‘एमर्जिंग इन्फेक्शस डिसीझेस’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. भारतात क्षयजंतूंच्या पूर्वज घराण्यांचे प्राबल्य आहे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. क्रिस्तिना गुतिएरेझ या त्याच्या पहिल्या लेखिका. त्यांच्याबरोबर फ्रान्समधील पाश्चर संस्थांतील आणि हैदराबाद, चेन्नई व आग्रा येथील प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांनी हे काम केले.

हा निबंध शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा असे आम्हांला दोन कारणांनी वाटते. थोड्या साधनांनी, पण काळजीपूर्वक केलेल्या मोजमापातून किती माहिती मिळू शकते, हे त्यात पाहायला मिळते. आणि त्याच मोजमापातून, एखाद्या शब्दाच्या सैल वापरामुळे, पुराव्यापेक्षा मोठा निष्कर्ष कसा निघतो, हेही दिसते. जगात दरवर्षी नव्याने क्षय होणाऱ्या दर चार व्यक्तींपैकी साधारण एक भारतातील असते. त्यामुळे आपल्याकडचे जंतू कोणते आणि ते कसे पसरतात, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

सर्व क्षयजंतू सारखेच?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर कित्येक दशके हा जंतू जगभर सारखाच आहे असे धरून चालण्याची वहिवाट होती. प्रयोगशाळांतून आजही प्रमाण म्हणून वापरला जाणारा ‘एच ३७ आरव्ही’ हा वाण १९०५ साली न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णापासून मिळवलेल्या जंतूचा वंशज आहे. १९९८ साली क्षयजंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला, तोही याच वाणाचा. त्यात डीएनएची सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास चार हजार जनुके आढळली. पुढे प्रत्येक नवा नमुना या एका वाणाशी ताडून पाहिला जाऊ लागला.

सगळे जंतू सारखे नसावेत, याची एक चाहूल मद्रासमधूनच लागली होती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतीय रुग्णांपासून मिळालेले आणि ब्रिटिश रुग्णांपासून मिळालेले जंतू गिनीपिगांना टोचून पाहिले गेले. भारतीय जंतूंपैकी बरेचसे गिनीपिगांना कमी घातक ठरले. फरक होता हे नक्की. पण तो जंतूच्या रचनेत नेमका कोठे आहे हे पाहण्याचे साधन तेव्हा हाती नव्हते.

ते साधन १९९० नंतर आले. क्षयजंतूच्या डीएनएमध्ये ‘आयएस ६११०’ नावाचा एक फिरता तुकडा असतो. तो स्वतःची नक्कल करून डीएनएमध्ये दुसऱ्या जागी जाऊन बसतो. कोणत्या जंतूत हा तुकडा किती वेळा आणि कोठे आहे, यावरून त्या जंतूचा ‘ठसा’ मिळतो. १९९३ साली या ठशांची एक प्रमाण पद्धत ठरली आणि युरोप-अमेरिकेत ती चांगली चालली, कारण तिकडच्या जंतूंत हा तुकडा सहसा अनेक ठिकाणी असतो. दक्षिण भारतात मात्र ती अडखळली. तेथील बऱ्याच जंतूंत हा तुकडा एकदाच असतो, काहींत तर मुळीच नसतो. ज्या तळहातावर एकच रेघ आहे, त्याचा ठसा दुसऱ्या तशाच तळहाताच्या ठशापासून वेगळा कसा ओळखणार? परदेशी जंतूंवर घासूनपुसून तयार झालेली मोजपट्टी आपल्या जंतूंना लागू पडेलच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. २००६ च्या निबंधाचे मोल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी.

पोथ्या आणि जंतू

या शास्त्रज्ञांनी देशाच्या १२ भागांतून मिळालेले ९१ जंतुनमुने तपासले. एकाच पद्धतीवर विसंबून न राहता त्यांनी चार वेगवेगळ्या खुणा पाहिल्या. या खुणांचे तत्त्व समजायला हस्तलिखित पोथ्यांचे उदाहरण सोयीचे आहे.

छपाई येण्यापूर्वी पोथ्या हाताने नकलून काढीत. नकलणाऱ्याच्या हातून एखादा शब्द बदले, एखादी ओळ गळे, एखादा शब्द दोनदा लिहिला जाई. त्या प्रतीवरून जी पुढची प्रत निघे तिच्यात ही चूक जशीच्या तशी उतरे आणि तिच्यात नव्या चुकांची भर पडे. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क करता येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तोही उपलब्ध प्रती एकमेकींशी पडताळून.

क्षयजंतूला हे उदाहरण विशेष लागू पडते. अनेक जिवाणू शेजारच्या जिवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण करतात, म्हणजे एका पोथीतील पान दुसऱ्या पोथीत जाऊन बसते. क्षयजंतू असे जवळजवळ करीत नाही. तो दोन भागांत विभागतो आणि आपली नक्कल पुढे देतो. त्यामुळे त्याचा वंशवृक्ष बराच स्वच्छ मांडता येतो.

आता त्या चार खुणा पाहू. डीएनएमध्ये २१ ठिकाणी लहान तुकडे पुन्हापुन्हा येतात. प्रत्येक ठिकाणी ते किती वेळा आले हे मोजणे ही पहिली खूण. म्हणजे नकलणाऱ्याने कोणता शब्द किती वेळा गिरवला ते पाहायचे. डीएनएच्या एका ठरावीक पट्ट्यातील ४३ छोट्या तुकड्यांपैकी कोणते आहेत आणि कोणते गळाले ही दुसरी खूण. दोन विशिष्ट अक्षरांच्या बदलांवरून सर्व क्षयजंतूंचे तीन मोठे गट पाडता येतात, ती तिसरी. आणि ‘टीबीडी-१’ नावाचा एक तुकडा शाबूत आहे की गळाला आहे, ही चौथी.

या चारही खुणांनी जंतूंचे जवळजवळ सारखेच गट पाडले. निबंधाची ही सर्वांत भक्कम बाजू आहे. चार निरनिराळ्या साक्षीदारांनी एकमेकांना न विचारता सारखीच हकीकत सांगावी, तसे हे झाले. भारतातील नमुन्यांत तीन घराणी प्रामुख्याने दिसली: पूर्व आफ्रिकी-भारतीय, दिल्ली आणि बीजिंग. तिन्ही वर सांगितलेल्या मोठ्या गटांपैकी पहिल्या गटातली. दुसऱ्या गटातले थोडे नमुने होते आणि सर्वांत अलीकडचा मानल्या जाणाऱ्या तिसऱ्या गटाचा अवघा एक. शिवाय नमुने एकमेकांहून बरेच वेगळे निघाले. भारतातील क्षयजंतू म्हणजे एकच एक वाण नव्हे, हे या कामाने ठामपणे मांडले. त्याबद्दल आमचा कोणताही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो यापुढच्या पायरीला. पूर्वज घराणी जास्त आहेत, म्हणून भारत हे क्षयाचे प्राचीन केंद्र असल्याच्या कल्पनेला पुष्टी मिळते, असा निबंधाचा शेवट आहे. ही पायरी तीन ठिकाणी कच्ची आहे.

‘पूर्वज’ हा शब्द

पहिली अडचण शब्दाची. टीबीडी-१ या तुकड्याचे महत्त्व २००२ साली पुढे आले. पाश्चर संस्थेतील ब्रॉश आणि सहकाऱ्यांनी क्षयजंतू आणि त्याचे भाऊबंद यांच्यातील गळालेल्या तुकड्यांची यादी केली आणि त्यावरून वंशवृक्ष मांडला. माणसाने गुरे पाळली तेव्हा गुरांचा क्षय माणसात आला, अशी समजूत तोपर्यंत रूढ होती. परंतु गुरांच्या क्षयजंतूतून जे तुकडे गळालेले दिसतात, त्यांतील कित्येक माणसाच्या क्षयजंतूत शाबूत आहेत. गळालेली ओळ पुढच्या प्रतीत आपोआप परत येत नाही. तेव्हा गुरांचा आजचा जंतू माणसाच्या जंतूचा बाप असू शकत नाही. ही जुनी समजूत कोणी अजून वर्गात सांगत असेल, तर ती आता सोडून द्यावी.

ज्या क्षयजंतूंत टीबीडी-१ शाबूत आहे त्यांना ब्रॉश यांनी ‘पूर्वज’ आणि ज्यांच्यातून तो गळाला त्यांना ‘आधुनिक’ म्हटले. येथेच घोटाळ्याला वाव मिळाला. एखाद्या पोथीत एक ओळ शाबूत आहे आणि दुसरीत ती गळाली आहे, एवढ्यावरून पहिली पोथी जुनी ठरत नाही. ओळ शाबूत असलेली प्रत कालही नकललेली असू शकेल. ती त्या एका जागी मूळ पाठाशी जुळते, इतकेच तिच्याबद्दल म्हणता येते. इतर शंभर जागी तिच्यातही स्वतःच्या चुका असतीलच. आज चेन्नईतील रुग्णाच्या फुफ्फुसात असलेला जंतू आणि आज बीजिंगमधील रुग्णाच्या फुफ्फुसात असलेला जंतू, दोघेही त्यांच्या समान पूर्वजापासून सारख्याच काळाच्या अंतरावर आहेत. दोघेही आजचेच आहेत, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा आजोबा नाही.

शिक्षकांना ही चूक ओळखीची वाटेल. ‘माकडापासून माणूस झाला’ असे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा आपण त्यांना सांगतो की आजचे माकड आणि आजचा माणूस हे चुलत भाऊ आहेत. क्षयजंतूंच्या बाबतीत तीच दुरुस्ती करावी लागते.

शिवाय कोणती खूण धरावी त्यावर ‘पूर्वज’ कोण हे बदलते. दिल्ली आणि बीजिंग घराण्यांतून टीबीडी-१ गळालेला आहे. त्या खुणेप्रमाणे ती ‘आधुनिक’ होत. पण अक्षरबदलांच्या खुणेप्रमाणे ती पहिल्या, म्हणजे सर्वांत जुन्या मानलेल्या गटात पडतात. निबंधाचा सारांश वाचताना या तिघांना मिळून पूर्वज म्हटले आहे की फक्त एकाला, हे चटकन उमगत नाही. लेखकांना या शब्दाची अडचण जाणवली असावी, कारण सारांशात एके ठिकाणी त्यांनी तो अवतरणचिन्हांत टाकला आहे. शीर्षकात मात्र ती चिन्हे नाहीत, आणि बहुतेक वाचकांपर्यंत शीर्षकच पोचते.

मूठभर दाणे

दुसरी अडचण नमुन्याची. १२ भागांतून ९१ नमुने म्हणजे प्रत्येक भागातून सरासरी सात-आठ. मूग, मटकी, चवळी आणि हरभरा मिसळलेल्या पोत्यातून सात दाणे उचलले, तर पोत्यात काय काय आहे याचा अंदाज येईल. पण कोणते कडधान्य किती हे सांगणे धोक्याचे ठरेल. एखादे कमी असलेले धान्य मुठीत आलेच नाही, म्हणून ते पोत्यात नाही असे म्हणता येणार नाही. तीन मोठी घराणी आहेत, एवढे सांगायला हा नमुना पुरतो. प्राबल्य कोणाचे, हे देशाच्या पातळीवर सांगायला तो अपुरा आहे.

नमुने एकमेकांहून फार वेगळे निघाले, याचाही अर्थ जपून लावावा लागतो. एका रुग्णाकडून दुसऱ्याला नुकताच संसर्ग झाला असेल, तर दोघांचे जंतू जवळजवळ सारखे असतात. सारखे जंतू फारसे आढळले नाहीत, तर बरेचसे रुग्ण जुन्या, शरीरात दबून राहिलेल्या संसर्गामुळे आजारी पडले असावेत असे वाटू शकते. परंतु एक साधे गणित करून पाहा. एका गावात दोन रुग्ण एकाच साखळीतले आहेत आणि आपण दर दहा रुग्णांमागे एकाचाच नमुना घेतो. ते दोघेही आपल्या नमुन्यात येण्याची शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे शंभरात एक. देशातल्या लाखो रुग्णांतून ९१ घेतल्यावर साखळी दिसणार तरी कशी? विरळ नमुन्यात सगळेच जंतू एकटे दिसतात. हा निबंध प्रसाराच्या साखळ्या शोधण्यासाठी नव्हताच. तेव्हा त्यातील विविधतेवरून ‘आपल्याकडे नवा प्रसार कमी’ असे कोणी म्हणू नये.

हीच काळजी मोठ्या अभ्यासांबाबतही घ्यावी लागते. मुंबई महानगर प्रदेशातील बहुऔषधरोधी क्षयजंतूंचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. फ्लुरोक्विनोलोन या औषधगटालाही दाद न देणाऱ्या जंतूंच्या प्रसारात बीजिंग घराण्यातील काही मोजक्या कुळींचा मोठा वाटा असल्याचे त्यात दिसले. आरोग्यखात्याच्या दृष्टीने ही माहिती फार महत्त्वाची आहे. पण हे नमुने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे होते. त्यावरून ‘मुंबईचा क्षय बीजिंग घराण्याचा’ असे विधान केले, तर ते रुग्णालयात जाऊन गावातील आजारी माणसांचे प्रमाण ठरवण्यासारखे होईल.

किती जुने म्हणजे प्राचीन?

तिसरी अडचण काळाची. वंशवृक्ष आपल्याला नाती सांगतो. वर्षे सांगायची तर चुका किती वेगाने होतात हे ठाऊक असावे लागते. २०१३ साली कोमास आणि सहकाऱ्यांनी २५९ जंतूंचे संपूर्ण जनुकसंच वापरून असे मांडले की क्षयजंतू सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसांबरोबर जगभर गेला. जंतूंचा वंशवृक्ष मानवी वंशवृक्षाशी जुळवून त्यांनी हा काळ काढला. पुढच्याच वर्षी बोस आणि सहकाऱ्यांनी पेरू देशातील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तीन सांगाड्यांतून क्षयजंतूचा डीएनए मिळवला. तो सील या सागरी प्राण्यांत आढळणाऱ्या जंतूच्या सर्वांत जवळचा निघाला. सांगाड्यांचा काळ ठाऊक असल्यामुळे चुकांचा वेग थेट मोजता आला, आणि त्या हिशेबाने सर्व क्षयजंतूंचा समान पूर्वज ६,००० वर्षांहूनही अलीकडचा ठरला. १६७९ साली मरण पावलेल्या स्वीडनमधील एका बिशपच्या फुफ्फुसातील जंतूचा जनुकसंच २०२० साली वाचला गेला. त्यानेही अलीकडच्या काळालाच पुष्टी दिली.

सत्तर हजार आणि सहा हजार यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. पहिला आकडा खरा असेल, तर भारतात क्षय आला तेव्हा शेती नव्हती. दुसरा खरा असेल, तर शेती रुळल्यानंतर तो आला. म्हणजे ‘प्राचीन’ हा शब्द २००६ साली वापरला गेला तेव्हा त्याला आकडा जोडलेला नव्हता, आणि नंतर जोडले गेलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

निबंधाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. २०२१ साली हिंदी महासागराभोवतीच्या ६९ देशांतील असे नव्हे, तर एकूण ६९ देशांतून मिळालेले दोन घराण्यांचे जनुकसंच एकत्र अभ्यासले गेले. आज ज्याला पहिली शाखा म्हणतात तिचे २,९३८ आणि तिसऱ्या शाखेचे २,०३०. या दोन्ही शाखा हिंदी महासागराच्या काठाने पसरलेल्या आहेत. त्यांचे स्थलांतर दक्षिण आशियातून शेजारच्या प्रदेशांकडे अधिक आणि उलट दिशेने बरेच कमी झाले, असे या अभ्यासात आढळले. म्हणजे दक्षिण आशिया हे या शाखांच्या प्रसाराचे एक मोठे केंद्र होते, हा अंदाज योग्य दिशेने होता. पण हे सांगायला हजारो जनुकसंच लागले, आणि निष्कर्षही ‘प्रसाराचे केंद्र’ असा नेमका आहे. ‘प्राचीन’ आणि ‘पूर्वज’ या शब्दांवाचून तो उभा राहतो.

नावांचा घोळ

या विषयावरील काहीही वाचताना नावांपासून सावध राहावे लागते. २००६ च्या निबंधातील ‘पूर्व आफ्रिकी-भारतीय’ घराणे म्हणजे आजची पहिली शाखा. त्याच वर्षी दुसऱ्या एका शोधनिबंधात ‘पूर्व आफ्रिकी-भारतीय’ हेच नाव तिसऱ्या शाखेला दिले गेले आणि पहिलीला ‘हिंद-सागरी’ म्हटले गेले. तिसऱ्या शाखेलाच कोणी ‘दिल्ली’ म्हणतात, तर कोणी ‘मध्य आशियाई’. एकच नाव दोन घराण्यांना आणि एकाच घराण्याला तीन नावे! पुढे शास्त्रज्ञांनी शाखांना क्रमांक दिले, ते बरे झाले.

गावाच्या नावात आणखी एक धोका आहे. ‘बीजिंग’ हे नाव १९९५ साली पडले, कारण त्या परिसरातील नमुन्यांत हा गट ठळक दिसला. १९९० नंतर न्यूयॉर्कमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची जी साथ पसरली, तिच्या जंतूला ‘डब्ल्यू’ म्हटले गेले. तो याच घराण्यातला निघाला. नाव ज्या गावाचे पडले ते गाव म्हणजे तपासणी जिथे आधी झाली ते ठिकाण. त्यावरून रोग कोणी आणला हे ठरत नाही. एखादा विद्यार्थी ‘म्हणजे हा रोग चीनने पाठवला का?’ असे विचारील, तेव्हा शिक्षकाजवळ हे उत्तर तयार असावे. आणि दिल्लीचे नाव आफ्रिकेतील रुग्णाच्या जंतूला चिकटलेले आहे, हेही त्याला सांगावे.

मग महत्त्वाचे काय?

आमच्या मते २००६ च्या निबंधातील खरी मोलाची गोष्ट त्याच्या शेवटच्या वाक्यात नाही, मधल्या तक्त्यांत आहे: आपल्याकडचे जंतू वेगळे आहेत आणि आपसांतही वेगवेगळे आहेत. याचे परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतात. २०१७ साली तमिळनाडूतील तिरुवळ्ळूर आणि मदुरै जिल्ह्यांतील १९६ रुग्णांच्या २२३ जंतुनमुन्यांचे संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले. तेथे पहिली आणि तिसरी शाखा प्रामुख्याने आढळली. औषधांना दाद न देण्यास कारण म्हणून जगभर माहीत असलेले अक्षरबदल या जंतूंच्या बाबतीत कमी पडले. म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही हे प्रयोगशाळेत दिसते, पण त्याच्या डीएनएमध्ये ठरलेल्या जागी ठरलेला बदल सापडत नाही. जनुकांवरून निदान करणारे यंत्र ठरलेल्या जागीच पाहते. बदल दुसरीकडे असेल तर यंत्र ‘औषध चालेल’ म्हणेल आणि रुग्ण ते औषध महिनोन्‌महिने फुकट घेत राहील. आयएस ६११० च्या वेळचा धडा तो हाच.

लशीची गोष्टही याला लागून आहे. १९६८ साली चिंगलपेट जिल्ह्यात सुमारे २ लाख ६० हजार लोकांना घेऊन बीसीजीची जगातील सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून या लशीने तेथे संरक्षण दिले नाही, असे १९७९ साली जाहीर झाले आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही तेच दिसले. याच्या कारणांबाबत जे तर्क मांडले गेले, त्यांत तेथील मातीपाण्यातले क्षयजंतूचे निरुपद्रवी नातेवाईक जसे होते, तसाच दक्षिण भारतीय जंतूंचा वेगळेपणाही होता. बालकांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, बीसीजी रक्षण करते. म्हणून ती बाळांना दिलीच पाहिजे. परंतु पुढची लस आपल्याच जंतूंवर आणि आपल्याच लोकांत पारखून घ्यावी लागेल, हे चिंगलपेटने शिकवले.

‘प्राचीन केंद्र’ या शब्दांबद्दल आमची तक्रार येथेच येऊन थांबते. जे प्राचीन आहे ते अटळ आहे असे मनाला वाटू लागते. मातीतच आहे, चालायचेच, असे म्हणून माणूस हात टेकतो. खरे तर क्षय पसरतो तो निदान न झालेल्या रुग्णाच्या खोकल्यातून, कोंदट खोलीतून, अर्धवट सुटलेल्या औषधातून. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले की घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. औषध सुरू होण्यापूर्वीच जो काय संसर्ग व्हायचा तो बहुतेक होऊन गेलेला असतो. जंतूचे घराणे कोणतेही असो, ही साखळी लवकर निदानाने तुटते.

ती साखळी आज पाहताही येते. क्षयजंतूच्या ४४ लाख अक्षरांत साधारण दोन-तीन वर्षांत एखादे अक्षर बदलते. इंग्लंडमधील २०१३ च्या एका अभ्यासाने असा ठोकताळा दिला की दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्यात अलीकडे संसर्ग झाला असणे संभवते. बारांहून अधिक फरक असेल तर नाही. असे काम तालुक्या-तालुक्यात, सलग आणि दाट नमुने घेऊन झाले, तर २००६ च्या निबंधाने उघडलेले दार पूर्ण उघडेल.

वर्गात करण्याजोगे

हा विषय शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा ओळींचा एखादा उतारा एका विद्यार्थ्याला द्या. त्याने तो भराभर नकलून दोघांना द्यावा, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना. कोणीतरी एक ओळ गाळावी, कोणी एक शब्द दोनदा लिहावा. मग सर्व शेवटच्या प्रती गोळा करून, कोणी कोणावरून नकलले ते न सांगता, दुसऱ्या गटाला वंशवृक्ष काढायला सांगा. तो बहुधा बरोबर येतो, आणि चूक हीच माहिती कशी ठरते हे मुलांना समजते.

त्यानंतर ज्या प्रतींत ती ओळ गळालेली नाही त्या बाजूला काढा आणि वर्गाला विचारा: या प्रती इतर प्रतींपेक्षा आधी लिहिल्या गेल्या का? काही मुले होय म्हणतील. त्यांना घड्याळाकडे पाहायला सांगा, कारण सगळ्या शेवटच्या प्रती त्याच तासात, एकाच वेळी लिहून झालेल्या असतील.